चौकशी गिऱ्हाइकाची, मालाची कोणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



अमेरिकेतल्या ‘गन शो’बद्दल आपल्याकडे बातमी येते ती बहुधा एखाद्या गोळीबारानंतर. कोणा माथेफिरूने शाळेत किंवा मॉलमध्ये माणसे मारली, की तिथे बंदुका किती सहज मिळतात याची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत या बंदुकांच्या जत्रांचे नाव निघते. ती चर्चा महत्त्वाची आहेच. पण आज मला एक साधा, बाजारातला प्रश्न विचारायचा आहे. तिथे टेबल मांडून बसलेला विक्रेता गिऱ्हाइकाला माल चांगला देतो का, आणि भाव रास्त लावतो का? ग्राहक चळवळीत काही वर्षे काढलेल्या माणसाला कुठल्याही बाजारात गेले तरी हाच प्रश्न आधी सुचतो. वजनकाटा पाहिल्याशिवाय आमचे पाऊल पुढे पडत नाही.

आणि प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मिक्सर बिघडला तर चटणी पाट्यावर वाटता येते. रायफल बिघडते तेव्हा ती माणसाच्या गालाला टेकलेली असते.

आधी हा बाजार असतो कसा ते सांगतो. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात ‘वॉनेनमाकर्स टल्सा आर्म्स शो’ वर्षातून दोनदा भरतो, एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. जगातला सर्वांत मोठा गन शो अशी तो आपली जाहिरात करतो. एकाच छपराखाली सुमारे अकरा एकर जागा आणि चार हजारांवर टेबले. सगळे शो एवढे दांडगे नसतात. छोट्या गावात जत्रेच्या मैदानावरच्या शेडमध्ये पन्नास टेबलांचाही शो भरतो. दारू, तंबाखू आणि शस्त्रे यांवर देखरेख ठेवणारे जे केंद्रीय खाते आहे, ज्याला तिकडे एटीएफ म्हणतात, त्याने जानेवारी १९९९ मध्ये एक अहवाल काढला होता. त्यात देशभर वर्षाला चार हजारांवर शो भरत असल्याचा अंदाज होता, आणि बहुतेक शोंमधल्या विक्रेत्यांपैकी निम्मे ते पाऊणपट परवानाधारक असतात असे म्हटले होते. उरलेले कोण, ते पुढे येईलच.

शो शनिवार-रविवारी. दाराशी तिकीट. तुम्ही स्वतःची बंदूक विकायला किंवा दाखवायला आणली असेल तर दारावरचा पहारेकरी ती रिकामी आहे का ते पाहतो आणि तिच्या यंत्रात प्लॅस्टिकची एक पट्टी ओवून करकचून आवळतो, म्हणजे आत बार उडण्याची भानगड नको. टेबलांवरच्या बंदुकाही अशाच बांधलेल्या असतात. ही पट्टी लक्षात ठेवा, तिच्याकडे मला परत यायचे आहे. आत शिरलात की पहिल्यांदा बंदुकाच दिसतात असे नाही. सुऱ्या, चामड्याची म्याने, जुनी नाणी, लष्करी टोप्या, झेंडे आणि वाळवलेल्या मसालेदार गोमांसाच्या पट्ट्या. या शेवटच्या जिनसेवरून तर नेहमीचे लोक थट्टाच करतात, की हल्ली बंदुकांपेक्षा मांसाच्या पट्ट्याच जास्त झाल्यात. जत्रा म्हटली की पाळण्याशेजारी भजी आलीच.

विक्रेते मुख्यतः तीन तऱ्हांचे. पहिला म्हणजे केंद्र सरकारचा परवाना असलेला व्यापारी. बहुतेकदा याचे गावात दुकान असते आणि शनिवार-रविवारपुरता तो माल गाडीत घालून आणतो. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानंतर परवानाधारकाने आपल्या पत्त्यावरच धंदा करायचा असा दंडक होता. १९८६ च्या कायद्याने त्याला आपल्या राज्यातल्या शोमध्ये विक्री करण्याची मुभा पक्की झाली. दुसरा संग्राहक. हा आयुष्यभर एकाच जातीच्या बंदुका जमवतो, आता वय झाले, घर लहान केले, म्हणून थोड्या काढतो. तिसऱ्याकडे टेबलही नसते. खांद्यावर एक रायफल, नळीत खोचलेली एक काडी आणि काडीला किमतीची चिठ्ठी. हॉलभर हा चालता-बोलता फलक फिरत असतो.

आता भाव. नव्या मालापासून सुरुवात करू, कारण तिथे प्रकरण सोपे आहे. नवे पिस्तूल हे कारखान्यातून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तिथून परवानाधारकाकडे येते. प्रत्येकाची खरेदी जवळजवळ सारखी, नफ्याची फट अरुंद. एके काळी गन शोमध्ये स्वस्त मिळते अशी ख्याती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. दुकानाचे भाडे नाही, एका दिवसात शेकडो गिऱ्हाइके, शेजारच्या टेबलावर तोच माल. चढाओढीने भाव खाली येत. मग आले इंटरनेट. १९९९ मध्ये ईबे या संकेतस्थळाने बंदुकांचे लिलाव बंद केले आणि त्याच वर्षी गनब्रोकर नावाचा फक्त शस्त्रांचा लिलाव सुरू झाला. तेव्हापासून कुठल्या मालाला काय भाव फुटला हे घरबसल्या दिसू लागले. आज गिऱ्हाईक टेबलासमोर उभे राहून खिशातल्या फोनवर भाव पाहते आणि विक्रेत्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

टेक्सासमध्ये मुलीकडे मुक्काम असताना मी दोन-तीन शो पाहिले. एका व्यापाऱ्याला मी सरळच विचारले, की बाबा रे, हीच रायफल इंटरनेटवर इतकी स्वस्त दिसते, तू वर का मागतोस? तो रागावला नाही. त्याने बोटे मोजत हिशेब सांगितला. टेबलांचे भाडे, दोन रात्रींचे मोटेल, पेट्रोल, मदतीला भाच्याचा रोज. आणि मग म्हणाला, “तिकडे मागवलीस तर ती एखाद्या परवानाधारकाच्या पत्त्यावरच येणार. तो कागदपत्रांचे पैसे घेणार. पाठवणावळ वेगळी. आणि इथे ती तू हातात धरून बघतो आहेस.” हिशेब चोख होता. बंदूक टपालाने थेट घरी येत नाही, ती परवानाधारकाकडून सोडवून घ्यावी लागते, ही गोष्ट भावाची तुलना करताना पुष्कळ जण विसरतात. नव्या मालात गन शोचा व्यापारी लुबाडतो असे मला म्हणवत नाही. स्वस्त देतो असेही म्हणवत नाही. दुकानात मिळेल त्या भावात, थोडे इकडे-तिकडे. रविवारी दुपारी चारनंतर मात्र रंग पालटतो. माल परत गाडीत चढवायचा त्याला कंटाळा असतो, आणि रोख पैसे हातात घेऊन शांतपणे उभ्या राहिलेल्या माणसाला तो बरेच ऐकून घेतो. आपल्याकडे मंडई उठताना कोथिंबिरीची जुडी जशी खाली येते तसेच.

खरी कसोटी लागली ती टंचाईच्या काळात. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर कायदे कडक होणार या धास्तीने लोकांनी दुकाने रिकामी केली. पॉइंट टू-टू नावाची बारकी काडतुसे, जी पोरासोरांना नेमबाजी शिकवायला वापरतात, ती दिसेनाशी झाली. पाचशेचा जो खोका आधी वीस-पंचवीस डॉलरला मिळे, तो शोमध्ये पन्नास-साठला, कधी त्याहून वर जाऊ लागला. मोठ्या साखळी दुकानात पहाटे रांग लावून जुन्या भावात खोके उचलायचे आणि शनिवारी टेबलावर दुप्पट-तिपटीने मांडायचे, असे करणारे काही जण होते. गिऱ्हाइके त्यांना तोंडावर शिव्या घालत आणि तरीही घेत. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये वॉलमार्टने पिस्तुलांची आणि काही रायफलींची काडतुसे विकणे बंद करण्याचे जाहीर केले, म्हणजे स्वस्तातला एक मोठा झरा आटला. आणि २०२० मध्ये करोना आला. त्या वर्षी एफबीआयकडे खरेदीदारांच्या चौकशीचे सुमारे ३ कोटी ९७ लाख अर्ज गेले. तोवरचा तो उच्चांक होता. नऊ मिलिमीटरचे काडतूस, जे वर्षाच्या सुरुवातीला वीस सेंटच्या आसपास होते, ते २०२१ च्या आरंभी सत्तर-ऐंशी सेंटला गेले.

हा भाव रास्त म्हणायचा का? अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणेल, टंचाईत भाव चढतो. चढला नाही तर पहिल्या चार जणांनीच सगळे उचलले असते. मला हे उत्तर अर्धेच वाटते. ज्या व्यापाऱ्याने स्वतः चढ्या भावाने घेतले त्याला दोष नाही. पण ज्याच्याकडे जुन्या भावाचा साठा होता आणि ज्याने तो दाबून ठेवला, त्याला आपल्याकडे नाव आहे, आणि ते नाव अमेरिकेतही लागू पडते. अर्थात काडतूस म्हणजे काही रॉकेल नव्हे. ते न मिळाल्याने कोणाची चूल विझली नाही. म्हणून या साठेबाजीवर अश्रू गाळण्याइतका मी हळवा नाही. पण असे व्यापारी होते, आणि थोडे नव्हते.

जुन्या मालाकडे वळलो की खरी गंमत आणि खरी भीती सुरू होते. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बंदुका आजही हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती अवस्थेवर ठरतात. ‘ब्लू बुक ऑफ गन व्हॅल्यूज’ नावाचा जाडजूड ग्रंथ असतो. त्यात प्रत्येक बनावटीची अवस्थेनुसार किंमत दिलेली असते. मूळ कारखान्याची निळसर-काळी झिलई किती शाबूत आहे यावर किंमत दुप्पट किंवा निम्मी होते. इथे एक उलटी गोष्ट आहे. जुनी, झिलई उडालेली, प्रामाणिक दिसणारी रायफल ही नव्याने झिलई दिलेल्या रायफलीपेक्षा महाग असते. घासून-पुसून चकाचक केले की कडा बोथट होतात, कोरलेली अक्षरे पुसट होतात आणि संग्राहकाच्या लेखी तिची किंमत कोसळते. नवखे गिऱ्हाईक नेमके चकाचक तुकड्यावर भाळते. विक्रेता खोटे काहीच बोलत नाही. तो फक्त “सुंदर तुकडा आहे” म्हणतो. आणि तो सुंदर असतोही!

जर्मन लुगर पिस्तुलाचे आणखी वेगळे. त्याच्या अनेक सुट्या भागांवर क्रमांक ठोकलेले असतात. सगळे जुळले तर एक किंमत, एखादा भाग दुसऱ्या पिस्तुलाचा निघाला तर दुसरी. विंचेस्टर रायफल किंवा कोल्ट रिव्हॉल्व्हर असेल तर कागद मिळवता येतो. वायोमिंग राज्यातल्या कोडी या गावी शस्त्रांचे संग्रहालय आहे, तिथे विंचेस्टरच्या जुन्या कारखान्याच्या वह्या जपल्या आहेत. क्रमांक कळवून शुल्क भरले की मूळ नोंदीचे पत्र येते. कोल्ट कंपनीचेही असेच दप्तर आहे. तुमच्या हातातली रायफल कारखान्यातून निघताना कशी होती, हे त्या पत्रातून कळते. संग्राहक टेबलावर असे पत्र पुढे ठेवत असेल तर त्याने मागितलेल्या भावावर मी फारशी घासाघीस करणार नाही. पत्र नाही आणि गोष्ट मात्र लांबलचक आहे, की ही अमुक दरोडेखोराची, ही तमुक सेनापतीच्या नातवाकडून आली, तर ऐकावे आणि पुढच्या टेबलाकडे जावे.

साध्या लष्करी मालाचा भाव कसा फिरतो त्याचे उदाहरण म्हणजे रशियाची मोसिन-नागांत रायफल. महायुद्धानंतर साठवून ठेवलेल्या या रायफली चिकट ग्रीजमध्ये बुडवून अमेरिकेत आल्या. २००० ते २०१० च्या दशकात गन शोमध्ये त्या शंभर डॉलरच्या आत मिळत. साठा संपला, आवक थांबली, आणि आता त्याच रायफलीला कित्येक शे डॉलर मोजावे लागतात. जुन्या लोकांना हे पटतच नाही. ते टेबलासमोर उभे राहून “मी ही ऐंशीला घेतली होती” असे सांगत बसतात, आणि विक्रेता दर शनिवारी पन्नास वेळा तेच ऐकत असतो.

आता ती प्लॅस्टिकची पट्टी. आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो, पण त्याआधी घेणारा दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो. गन शोमध्ये बैल उभा आहे, पण त्याच्या तोंडाला मुसके आहे. पट्टीमुळे यंत्र नीट उघडत नाही, नळीत प्रकाश टाकून आतले आटे झिजलेत का ते दिसत नाही, चाप ओढून पाहता येत नाही. सुरक्षेसाठी पट्टी हवीच, याबद्दल वाद नाही. काही विक्रेते विनंती केली तर पट्टी कापतात, तपासू देतात आणि पुन्हा बांधतात. माझ्या मते चांगला विक्रेता ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे. तो कात्री काढतो का?

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. खराब निघालेल्या मोटारीला तिकडे ‘लिंबू’ म्हणतात. विकणाऱ्याला खोट माहीत, घेणाऱ्याला नाही; त्यामुळे घेणारा सगळ्याच मालाला कमी भाव देतो, चांगला माल असणारा बाजारातून निघून जातो, आणि उरतात लिंबे. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. गन शो हा या सिद्धांताचा जिवंत नमुना व्हायला हवा होता. तो पूर्णपणे तसा झालेला नाही, आणि त्याचे कारण माणसांचे आहे. तेच व्यापारी दर दोन महिन्यांनी त्याच हॉलमध्ये, त्याच कोपऱ्यात टेबल लावतात. फसवलेले गिऱ्हाईक पुढच्या वेळी परत येते, आणि एकटे येत नाही. ज्याला पुन्हा तोंड दाखवायचे आहे तो जपून वागतो. म्हणून गावात दुकान असलेला परवानाधारक हा सामान्यपणे विश्वासाचा, आणि खांद्यावर रायफल घेऊन फिरणारा अनोळखी माणूस सर्वांत जोखमीचा. मधला संग्राहक मालाबद्दल खरे बोलतो पण भावाबद्दल हळवा असतो. त्याला बंदुकीची नव्हे, आपल्या तीस वर्षांची किंमत हवी असते.

पण श्रोतेहो, हे सगळे झाले शिरस्त्याचे. मालाच्या दर्जाची कायद्याने जबाबदारी कोणाची?

इथे मी थबकलो. अमेरिकेत ग्राहकांच्या सुरक्षेसाठी १९७२ च्या कायद्याने एक आयोग नेमला गेला. पाळणे, गाद्या, फटाके, टोस्टर, खेळणी अशा हजारो वस्तूंवर त्याची नजर असते. धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवायला तो कंपनीला भाग पाडू शकतो. या आयोगाच्या कक्षेतून बंदुका आणि काडतुसे वगळलेली आहेत. छऱ्यांच्या हवाई बंदुकीत दोष निघाला तर आयोग हस्तक्षेप करू शकतो. खऱ्या बंदुकीचा चाप आपोआप सुटत असेल तर त्याला काहीही करता येत नाही. खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी रंग असलाच पाहिजे असा केंद्रीय नियम आहे. खरीची नळी फुटेल की नाही हे पाहणारे केंद्रीय खाते नाही.

दुसरीकडे असे नाही. इंग्लंडमध्ये लंडनला सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅमला १८१३ पासून नळ्यांची चाचणी घेणारी प्रूफ हाउसे आहेत. नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार उडवून नळी टिकली तरच तिच्यावर ठसा उमटतो, आणि ठशाशिवाय ती विकता येत नाही. अमेरिकेत अशी सरकारी चाचणी नाही. कारखानदार आपली आपण चाचणी घेतात. काडतुसांचा दाब किती असावा, मापे काय असावीत, याची मानके १९२६ पासून उद्योगाचीच एक संस्था ठरवते आणि ती ऐच्छिक आहेत. मोठे कारखाने ती पाळतात, कारण त्यांना न्यायालयाची धास्ती असते. पण शोमधल्या टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी भरलेली काडतुसे मिळतात, त्यांचे काय? जुन्या टोप्यांत नवी दारू भरणारा माणूस बहुधा नीटच भरतो. एखाद्या टोपीत दुप्पट पडली तर? अनेक बंदूक कंपन्या स्पष्ट लिहितात, की असली काडतुसे वापरून बिघाड झाला तर आम्ही जबाबदार नाही. अनुभवी नेमबाज दुसऱ्याच्या हातची काडतुसे फुकट दिली तरी घेत नाहीत.

जुन्या मालातही ठाऊक असलेले धोके आहेत. १९०३ सालच्या बनावटीची स्प्रिंगफील्ड रायफल ही अमेरिकी सैन्याची पहिल्या महायुद्धातली रायफल. तिच्या आठ लाखांच्या आतल्या क्रमांकांचे पोलाद ठिसूळ निघाले. कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पाहून उष्णता ठरवत, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी तो रंग वेगळा भासे. काही रायफली सैनिकांच्या हातात फुटल्या. ही गोष्ट शंभर वर्षे छापील आहे, तरीही त्या क्रमांकांच्या रायफली टेबलांवर येतात. संग्राहकाला त्या भिंतीवर टांगायच्या असतात. नवख्याला उडवायच्या असतात. तीच कथा एकोणिसाव्या शतकातल्या नक्षीदार दमास्कस नळीच्या बंदुकांची. त्या नळ्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. आजच्या काडतुसाचा दाब त्यांना सोसेलच याची खात्री नाही.

आणि अगदी आधुनिक उदाहरण हवे तर रेमिंग्टनची मॉडेल ७००. १९६२ पासूनची, लाखो शिकाऱ्यांची आवडती रायफल. तिचा चाप न ओढता गोळी सुटते अशा तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या, खटले झाले. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण सामुदायिक खटल्यातल्या समझोत्यानुसार सुमारे ७५ लाख बंदुकांना चापाची यंत्रणा फुकट बदलून घेण्याची किंवा भरपाईची सोय झाली. समझोता २०१८ मध्ये अंतिम झाला, अर्ज करायची मुदत २०२० मध्ये संपली, आणि फार थोड्या मालकांनी अर्ज केले. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत निघून तिचे तुकडे विकले गेले. म्हणजे चाप न बदललेल्या असंख्य रायफली आजही लोकांच्या कपाटांत आहेत आणि तिथून त्या टेबलांवर येतात. विकणाऱ्याने हे सांगावे असे बंधन कोणी घातलेले मला आढळले नाही.

याउलट गिऱ्हाइकाची चौकशी पाहा. परवानाधारकाकडून घ्यायची तर ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरा, ओळखपत्र दाखवा. नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयच्या यंत्रणेत नाव तपासले जाते. आपल्याकडची जी मुले एच-वन-बी व्हिसावर तिथे आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांना बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणेच गुन्हा आहे. जत्रा बघावी, खरेदी करू नये.

खासगी विक्रेत्याकडे मात्र केंद्रीय कायद्याने ही चौकशी लागत नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, कोलोरॅडो अशा काही राज्यांनी ती सक्तीची केली; कोलोरॅडोत तर कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर २००० मध्ये मतदारांनीच शोपुरता तसा कौल दिला. २००९ मध्ये न्यू यॉर्क शहराने ओहायो, टेनेसी आणि नेवाडा या राज्यांतल्या सात शोंमध्ये गुप्त गिऱ्हाइके पाठवली. “मी चौकशीत बहुधा पास होणार नाही” असे त्यांनी उघड सांगूनही ३० पैकी १९ खासगी विक्रेत्यांनी बंदूक विकली. आणि दुसऱ्याच्या नावावर खरेदी चालली आहे हे दिसत असूनही १७ पैकी १६ परवानाधारकांनी विकली. परवानाधारकांबद्दल मी वर चांगले बोललो, ते मालापुरते होते हे या आकड्यांवरून समजून घ्यावे. दुसरी बाजूही सांगतो. तुरुंगातल्या कैद्यांच्या २०१६ च्या सरकारी पाहणीत, ज्यांच्याकडे गुन्ह्याच्या वेळी बंदूक होती त्यांच्यापैकी शंभरात एकापेक्षाही कमी जणांनी ती गन शोमधून घेतल्याचे सांगितले. धंदा म्हणजे काय आणि परवाना कोणाला लागतो, ही रेषा २०२२ च्या कायद्याने आणि २०२४ च्या नियमाने पुढे सरकवायचा प्रयत्न झाला. त्या नियमाविरुद्ध टेक्सास लगेच न्यायालयात गेले.

बिनचौकशीच्या या सौद्यात खुद्द गिऱ्हाइकाचाही तोटा आहे. पावती नाही, पत्ता नाही, बिघडली तर कोणाला धरायचे? शिवाय काही कंपन्यांची हमी फक्त पहिल्या खरेदीदारापुरती असते. बंदूक चोरीची निघाली तर ती मूळ मालकाला परत जाते आणि पैसे बुडतात. चोरीच्या बंदुकांची देशव्यापी यादी आहे, पण ती पोलिसांसाठी. सामान्य माणसाला ती उघडून पाहता येत नाही. फ्लोरिडासारख्या एखाद्या राज्यात क्रमांक तपासायची सोय आहे, तेवढीच. असे असूनही पुष्कळ जण दुकानापेक्षा थोडे जास्त मोजून खासगी विक्रेत्याकडून घेतात. काहींना सरकारी कागदावर नाव नको असते, तेही तत्त्व म्हणून. काहींची कारणे वेगळी असतात. तो जास्तीचा पैसा मालाचा नसतो, न विचारलेल्या प्रश्नांचा असतो.

मी ज्या व्यापाऱ्याशी बोललो त्याच्या टेबलावर जुन्या बंदुकांचाही एक कोपरा होता. एका तरुणाने त्यातली एक दुनळी उचलली. किंमत ठरली, पाकीट बाहेर आले. व्यापाऱ्याने पैसे मोजून घेतले, अर्ज भरून घेतला, चौकशी झाली. मग एका जुन्या पावतीच्या पाठीमागे त्याने एका बंदूक-दुरुस्तीवाल्याचा पत्ता लिहून दिला. काडतूस नळीत नेमके बसते का, बिजागरी सैल झाली आहे का, हे मापाने तपासून घे म्हणाला, आणि त्याआधी एकही बार उडवू नकोस. तरुणाने विचारले, आज जाऊ का? व्यापारी म्हणाला, “आज रविवार, त्याचे दुकान बंद. सोमवारी सकाळी नऊला उघडतो. तोवर गाडीच्या डिकीत राहू दे.”